निष्ठा विचारावी, श्रद्धा विचारू नये

गेल्या हिवाळ्यात आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही नालासोपाऱ्याचा स्तूप पाहावयास गेलो होतो. सकाळी नेरूळहून बस केली. स्तूपाजवळ त्रिसरण-पंचशील झाले. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी येथे केलेल्या उत्खननाची आणि सोपाऱ्यात सापडलेल्या सम्राट अशोकाच्या शिलालेखाच्या तुकड्यांची माहिती विद्यार्थ्यांना सांगितली. परतीच्या वाटेवर वसईचा किल्लाही पाहून घेतला. किल्ल्यातील पडक्या चर्चच्या भिंतीखाली डबे सोडले, तेव्हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "काका, पोर्तुगीज ख्रिस्ती आणि इंग्रजही ख्रिस्तीच. मग इंग्रजांनी मुंबईतून पोर्तुगीज पाद्र्यांना बाहेर का काढले? धर्म तर एकच ना?"

आम्ही बँकेत लिपिक. बी. ए. ला इतिहास होता एवढीच पुंजी. बसमध्ये त्याला काहीतरी अर्धेमुर्धे उत्तर दिले, पण ते आमचे आम्हांलाच पटले नाही. घरी आल्यावर जुनी पुस्तके काढली, ग्रंथालयाच्या चार फेऱ्या मारल्या. तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न केवळ ख्रिस्ती लोकांच्या घरातला नाही. राज्य आणि धर्म यांचे नाते कसे असावे, हा प्रश्न त्यात आहे आणि तो आपल्या दाराशी येऊन थांबतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या विद्यार्थ्याला, आणि त्याच्यासोबत आपणां सर्वांना, सविस्तर उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

एकाच सालातील तीन घटना

विद्यार्थी मित्रांनी १५३४ हे साल लक्षात ठेवावे. या वर्षी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या आसपासची बेटे तहाने पोर्तुगीजांना दिली. मुंबईही त्यातच आली. याच वर्षी पोपने गोव्याला स्वतंत्र धर्मप्रांत म्हणून मान्यता दिली. आणि याच वर्षी तिकडे इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने पोपचा अधिकार झुगारून, इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख आपणच, असा कायदा पार्लमेंटकडून करून घेतला.

त्याआधी १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथरने पोपच्या कारभाराविरुद्ध आवाज उठविला होता. त्याच्यामागून जे पंथ निघाले ते प्रोटेस्टंट, म्हणजे निषेध करणारे. जे पोपला मानत राहिले ते कॅथलिक. येशू एक, बायबल एक, परंतु धर्माच्या बाबतीत अखेरचा शब्द कोणाचा यावर फाटाफूट झाली.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. त्या काळी राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म, हे कॅथलिक राजेही मानीत आणि प्रोटेस्टंट राजेही मानीत. पोर्तुगालच्या राजाला तर पोपने एक खास अधिकार दिला होता, त्याला 'पाद्रोआदो' म्हणत. पूर्वेकडील मुलखात चर्च बांधावीत, पाद्र्यांचा खर्च करावा आणि त्या बदल्यात बिशप कोण असावा हे राजाने सुचवावे, अशी ती व्यवस्था. म्हणजे वसईचा पाद्री पोपचा सेवक होता आणि पोर्तुगालच्या राजाचाही माणूस होता. त्याचा पगार आणि त्याची प्रार्थना एकाच खजिन्याला बांधलेली.

याचे परिणाम आपल्याच मुलखाने भोगले. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसले. मध्ये काही वर्षांचा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. देवळे पाडली गेली, उघड पूजाअर्चेला बंदी झाली, पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचे कायदे झाले. कान्हेरीच्या ज्या चैत्यगृहात आपण दरवर्षी वंदनेला जातो, तेथेही पोर्तुगीज काळात पाद्र्यांनी चर्च थाटले होते. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवर चर्चचे अवशेष आजही उभे आहेत. तेव्हा कॅथलिक राजवटीची भीती ही हवेतली गोष्ट नव्हती. ज्यांनी ती राजवट सोसली, त्यांच्यासाठी ती अनुभवाची गोष्ट होती.

इंग्लंडमधील भीती कोठून आली

पुढे हेन्रीची मुलगी मेरी गादीवर आली. ती कॅथलिक. १५५३ ते १५५८ या तिच्या कारकिर्दीत सुमारे तीनशे प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले. तिच्यामागून प्रोटेस्टंट एलिझाबेथ आली. तेव्हा १५७० साली पोप पाचवा पायस याने फर्मान काढून तिला धर्मबहिष्कृत केले आणि तिच्या प्रजेला राणीच्या आज्ञापालनातून मुक्त केले.

सगळ्या भीतीचे मूळ या फर्मानात आहे. रोममध्ये बसलेला एक धर्मगुरू इंग्लंडच्या प्रजेला सांगतो की तुमच्या राणीचे ऐकू नका. मग शेजारी राहणारा कॅथलिक माणूस उद्या कोणाचे ऐकणार? पुढे १५८८ साली स्पेनचे आरमार इंग्लंडवर चालून आले. १६०५ साली काही कॅथलिकांनी राजासह पार्लमेंट दारूने उडविण्याचा कट केला, तो उघडकीस आला. १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना मिळालेले संरक्षण काढून घेतले आणि हजारो कुटुंबे देश सोडून पळाली, त्यांतली कित्येक इंग्लंडमध्ये आली. ज्या लंडनकराने ही निर्वासित माणसे पाहिली, त्याला कॅथलिक राजाची धास्ती वाटली तर नवल नाही.

परंतु या भीतीपोटी इंग्लंडने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. १६७३ साली एक कायदा झाला, त्याला टेस्ट अॅक्ट म्हणतात, म्हणजे कसोटीचा कायदा. सरकारी पद हवे असेल तर राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ पुरेशी नव्हती. इंग्लंडच्या चर्चमध्ये जाऊन प्रसाद घ्यावा लागे. शिवाय, उपासनेतील भाकर आणि द्राक्षरस यांचे ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात रूपांतर होते हा कॅथलिक सिद्धान्त आम्ही मानत नाही, असे लिहून द्यावे लागे.

आता विचार करा. आम्ही बँकेत रुजू झालो तेव्हा एका कागदावर सही केली होती. बँकेशी प्रामाणिक राहीन, खातेदाराची माहिती बाहेर सांगणार नाही, असे त्यावर लिहिले होते. बँकेला असे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु त्याच कागदावर, 'तुम्ही आत्मा मानता की अनात्म मानता ते लिहा, त्यावर नेमणूक ठरेल,' असा रकाना असता तर? पहिली अट आमच्या वागणुकीविषयी आहे. ती मोडली तर पुरावा देता येतो, शिक्षा करता येते. दुसरी अट आमच्या मनातील श्रद्धेविषयी आहे. तिचा रोखीच्या हिशेबाशी काय संबंध?

निष्ठा विचारणे वेगळे आणि श्रद्धा विचारणे वेगळे. इंग्लंडच्या राज्यकर्त्यांनी या दोहोंची गल्लत केली. आयर्लंडमध्ये तर बहुसंख्य प्रजा कॅथलिक असताना तिच्यावर जमीन विकत घेण्यास, शाळा चालविण्यास, सरकारी पद भूषविण्यास बंदी आली. छळाच्या भीतीने ज्यांनी कायदे केले, तेच छळ करणारे झाले. १८२८ साली डॅनियल ओकॉनेल हा आयरिश कॅथलिक पुढारी निवडून आला, पण शपथेच्या मजकुरामुळे त्याला सभागृहात बसता येईना. तेव्हा १८२९ साली कायदा बदलून कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडले. इंग्लंडच्या गादीवर मात्र कॅथलिक व्यक्तीने बसू नये, हा १७०१ चा नियम आजही आहे. २०१३ च्या कायद्याने, राजघराण्यातील वारसाने कॅथलिकाशी लग्न केल्यास त्याचा हक्क जाणार नाही, एवढी सवलत मिळाली.

मुंबईत काय घडले

आता आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. १६६१ साली इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा तह झाला आणि मुंबई आंदणात गेली. तहात एक कलम होते की मुंबईच्या कॅथलिक रहिवाशांना त्यांचा धर्म पूर्वीसारखा पाळता येईल. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने बरीच टाळाटाळ केली. अखेर १६६५ साली बेट इंग्रजांच्या हाती आले आणि १६६८ साली राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.

कंपनीपुढे मोठा पेच होता. राज्य प्रोटेस्टंटांचे, परंतु बेटावरील जवळजवळ सर्व ख्रिस्ती प्रजा कॅथलिक. कंपनीच्या फौजेतही त्यांची भरती होत असे. इंग्रजांचे स्वतःचे चर्च पुरे व्हायला १७१८ साल उजाडले. तेच फोर्टमधील सेंट थॉमस चर्च. त्याच्याकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा तो चर्चगेट. आपण रोज लोकलच्या पाटीवर ते नाव वाचतो. कॅथलिकांची चर्च मात्र माहीम, दादर, माझगाव, काळबादेवीकडे कितीतरी आधीपासून उभी होती, आणि तेथील पाद्री गोव्याच्या आर्चबिशपच्या हुकमतीत होते. गोव्याचा आर्चबिशप पोर्तुगालच्या राजाने सुचविलेला. माहीमची खाडी ओलांडली की वांद्रे, म्हणजे पोर्तुगीजांचा मुलूख. जकातीवरून दोन्ही बाजूंची सतत भांडणे चालत. अशा वेळी रविवारी आपल्या प्रजेच्या कानात जो बोलतो तो शेजारच्या राजाचा माणूस आहे, ही गोष्ट कंपनीला डाचत होती.

१७२० साली गव्हर्नर चार्ल्स बून याने पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना मुंबईबाहेर काढले. येथपर्यंत आपल्या विद्यार्थ्याने वाचले होते. पुढचा भाग महत्त्वाचा आहे. त्यांच्या जागी बूनने प्रोटेस्टंट पाद्री नेमले नाहीत. त्याने चर्च सोपविली ती कार्मेलाइट पाद्र्यांकडे, आणि हे कार्मेलाइटही कॅथलिकच होते. फरक एवढाच की ते पोर्तुगालच्या राजाच्या हाताखाली नव्हते. १६२२ साली रोममध्ये स्थापन झालेल्या 'प्रोपगंडा' या धर्मप्रसार खात्याकडून ते आलेले होते. त्यांचे प्रमुख बिशप मॉरिस यांनी इंग्रज सत्तेशी एकनिष्ठ राहण्याचे वचन दिले आणि काम सुरू केले. लोकांची प्रार्थना तीच राहिली, मूर्ती त्याच राहिल्या, पोपही तोच राहिला.

म्हणजे त्याच इंग्रजांनी लंडनमध्ये श्रद्धा विचारली आणि मुंबईत निष्ठा विचारली. मुंबईत त्यांना शहाणपण सुचले ते उदारपणामुळे असे म्हणवत नाही. व्यापार करायचा होता आणि प्रजा पळून जाता कामा नये, ही व्यापाऱ्याची अक्कल त्यामागे होती. त्यांचा हात अगदी स्वच्छही नव्हता. परळची पोर्तुगीज पाद्र्यांची वास्तू त्याच सुमारास कंपनीच्या ताब्यात गेली, तेथे गव्हर्नरचा बंगला झाला. आज ज्या हाफकिन संस्थेचे नाव लसीसाठी आपण घेतो, ती त्याच वास्तूत आहे. तरीपण मुंबईच्या कॅथलिक माणसाला, तू पोपला मानतोस म्हणून तुला घर सोडावे लागेल, असे कोणी सांगितले नाही.

सत्तेने चर्चच्या कारभारात एकदा हात घातला की तो सहजासहजी निघत नाही, हेही मुंबईने पाहिले. गोव्याच्या बाजूचे 'पाद्रोआदो' आणि रोमच्या बाजूचे 'प्रोपगंडा' अशी कॅथलिकांतच दुफळी माजली. १७८९ साली कंपनीने चर्च गोव्याच्या आर्चबिशपला परत दिली, दोन वर्षांनी पुन्हा काढून घेतली आणि १७९४ साली चारांपैकी दोन या पक्षाला, दोन त्या पक्षाला अशी वाटणी केली. १८५३ साली तर माहीमच्या सेंट मायकेल चर्चच्या ताब्यावरून एवढे पेटले की बिशप हार्टमन आत आणि विरोधी पक्षाचे लोक बाहेर वेढा घालून, असे काही दिवस चालले. शेवटी सरकारला मध्ये पडावे लागले. प्रोटेस्टंट सरकारने कॅथलिकांच्या देवळाची किल्ली कोणाच्या हाती द्यावी हे ठरवायचे, असा हा उफराटा प्रकार. १९२८ च्या करारानंतरही मुंबईचा आर्चबिशप पाळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा, असे ठरले होते. १९५० साली व्हॅलेरियन ग्रेशियस हे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, तेव्हा ही पाळी संपली. याच वर्षी आपले संविधान अमलात आले.

वसईची गोष्ट

ही भीती केवळ इंग्रजांना होती असे नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तहात, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. पोर्तुगीज पाद्री मात्र फौजेबरोबर निघून गेले आणि पुढे गोव्याकडील एतद्देशीय पाद्र्यांनी तेथील चर्चचे काम पाहिले. मराठ्यांचा रोखही पोर्तुगालच्या राजाच्या माणसांवर होता.

आज जवळजवळ तीनशे वर्षे झाली. वसईचे कॅथलिक शेतकरी केळीच्या बागा करीत आणि मराठी बोलीत भांडत-हसत तेथेच नांदत आहेत. त्यांच्यापैकी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले, त्याला २०१३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबाद येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्या वेळी काही मंडळींनी, एका पाद्र्याला हा मान कशाला, म्हणून विरोध केला. वाचकहो, हा विरोध ऐकला तेव्हा आम्हांला १५७० चे फर्मान आठवले. ज्या माणसाने आयुष्यभर मराठीत लिहिले, त्याची निष्ठा तपासायला त्याची पुस्तके पुरेशी होती. परंतु पाहिला गेला तो त्याचा झगा.

भीती कमी कशाने झाली

अमेरिकेत १९२८ साली अल स्मिथ हे कॅथलिक उमेदवार अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा ते निवडून आले तर पोपचे राज्य येईल, असा प्रचार झाला. ते हरले. १९६० साली जॉन केनेडी उभे राहिले. तोच प्रश्न पुन्हा आला. केनेडी ह्यूस्टन शहरी प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेत स्वतः गेले आणि त्यांनी सांगितले की चर्च आणि राज्य पूर्णपणे वेगळे असावे, या मताचा मी आहे. अध्यक्ष म्हणून निर्णय घेताना कोणत्याही धर्मगुरूचा हुकूम मी घेणार नाही. आपली श्रद्धा त्यांनी सोडली नाही, लपविलीही नाही. लोकांनी त्यांना निवडून दिले. पुढे १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत खुद्द कॅथलिक चर्चने धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक मनुष्याचा हक्क आहे असे जाहीर केले. शंभर वर्षांपूर्वी, १८६४ मध्ये, याच चर्चने राज्य आणि चर्च यांची फारकत चूक ठरविली होती.

गोव्याचा दाखला आणखी जवळचा आहे. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि पुढच्या वर्षी चर्च व राज्य वेगळे करणारा कायदा झाला. त्यानंतर गोव्यातील हिंदूंना शाळा, नोकऱ्या, संस्था यांत मोकळा श्वास घेता आला. राज्यकर्ते तेच पोर्तुगीज होते आणि त्यांचे घरचे देवही बदलले नव्हते. राज्याने धर्माची बाजू घेणे सोडले, एवढ्यानेच फरक पडला.

संविधानाने काय केले

१९४७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या आपल्या निवेदनात, राज्याने कोणताही धर्म राज्यधर्म म्हणून मानू नये आणि प्रत्येकाला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य असावे, अशी मागणी केली होती. संविधानात याचे प्रतिबिंब दिसते. विद्यार्थ्यांनी ही कलमे पाठ करण्यापेक्षा समजून घ्यावीत. कलम १६ म्हणते की सरकारी नोकरीत धर्मावरून भेद होणार नाही. हे इंग्लंडच्या कसोटीच्या कायद्याला आपले उत्तर आहे. कलम २५ व २६ व्यक्तीला आणि पंथाला स्वातंत्र्य देतात. कलम २७ नुसार एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कर भरण्याची सक्ती करता येत नाही. कलम २८ नुसार पूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पदाची शपथ घेताना 'ईश्वरसाक्ष' म्हणावे किंवा 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा' करावी, ही मुभा आहे. इंग्लंडमध्ये ही मुभा मिळविण्यासाठी चार्ल्स ब्रॅडलॉ या निरीश्वरवादी खासदाराला १८८० पासून कित्येक वर्षे झगडावे लागले. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबई काँग्रेसला आले होते.

आपले राज्य धर्मापासून अगदी अलिप्त मात्र नाही. हिंदूंची सार्वजनिक देवळे सर्व जातींना खुली करण्याचा कायदा राज्याला करता येतो, असे कलम २५ मध्येच लिहिले आहे. काळारामाचा सत्याग्रह ज्यांनी केला, त्यांना याचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही. धर्माच्या नावाने माणसाचा हक्क मारला जात असेल तर राज्याने मध्ये पडावे. परंतु माणसाने कोणता धर्म मानावा यात मात्र पडू नये, ही ती सीमारेषा.

आपल्या दारातील प्रश्न

ही सीमारेषा आपल्या देशात सदैव पाळली गेली का? १९५० साली अनुसूचित जातींचा जो आदेश निघाला, त्यात एक परिच्छेद होता की हिंदू धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचे समजले जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. बौद्धांसाठी मात्र दुरुस्ती व्हायला १९९० साल लागले. महाराष्ट्र शासनाने आपल्यापुरत्या सवलती आधीच दिल्या होत्या, तरी केंद्राच्या नोकऱ्यांत चौतीस वर्षे आपल्या माणसांपुढे एक क्रूर निवड होती. धर्म लिहावा की हक्क घ्यावा?

आमचे वडील अशाच एका कार्यालयात होते. घरात बुद्धवंदना होई, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असे आणि कार्यालयाच्या फाइलमध्ये मात्र 'हिंदू' लिहिलेले असे. ही गोष्ट त्यांनी आम्हांला फार उशिरा सांगितली, तीही मान खाली घालून. त्यांच्या कामावर कोणाचा आक्षेप नव्हता. जात बदलली नव्हती, वस्ती बदलली नव्हती, लोकांच्या नजरेतील हिणकसपणाही बदलला नव्हता. बदलली होती केवळ श्रद्धा, आणि राज्याने तीच विचारली. १९९० च्या निर्णयाची बातमी त्यांनी वर्तमानपत्रातून कापून ठेवली होती. ते कात्रण आजही त्यांच्या सर्व्हिस बुकाच्या प्रतीबरोबर आमच्याकडे आहे.

हे सोसलेल्या समाजाने आता दोन गोष्टींचा विचार करावा, असे आम्हांला वाटते. पहिली, बुद्धगयेची. १९४९ च्या कायद्याप्रमाणे महाबोधी विहाराच्या समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू असतात आणि जिल्हाधिकारी अध्यक्ष असतो. मूळ कायद्यात हा अध्यक्ष हिंदूच असावा अशी अट होती. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर सरकारने दुसरा हिंदू नेमावयाचा. ती अट २०१३ साली निघाली. विहाराचा कारभार पूर्णपणे बौद्धांकडे यावा म्हणून २०२५ साली भिक्खूंनी मोठे आंदोलन केले. आपल्या तीर्थाचा कारभार आपण पाहावा, ही मागणी कलम २६ च्या भावनेला धरून आहे आणि आपण ती मांडत राहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड, पण स्मरणिकेत आपल्याच माणसांसमोर नाही बोलायची तर कोठे? १९५० च्या आदेशात आजही ख्रिस्ती आणि मुस्लिम झालेल्या दलितांना जागा नाही. या प्रश्नासाठी केंद्र सरकारने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्यांना वाटा दिला तर आपला कमी होईल, अशी कुजबुज आम्ही आपल्याच बैठकांत ऐकली आहे. वाटा कसा आणि किती वाढवावा, हा हिशेबाचा प्रश्न आहे आणि तो जरूर मांडावा. परंतु 'त्यांनी धर्म बदलला, मग त्यांना कशाला,' हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. हेच वाक्य चौतीस वर्षे आपल्याला ऐकविले गेले. तसेच शेजारच्या श्रीलंकेच्या संविधानात बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलेले आहे, हे ऐकून आपल्या तरुणांना अभिमान वाटतो. तेथील तमिळ हिंदूच्या, मुस्लिमाच्या, कॅथलिकाच्या जागी क्षणभर उभे राहून त्यांनी त्या कलमाकडे पाहावे. डॉ. बाबासाहेबांनी आपल्या देशासाठी जे मागितले, ते कोणत्याच धर्माला अग्रस्थान न देणारे राज्य होते. त्यात बौद्ध धम्माचाही अपवाद नव्हता.

आयर्लंडचे उदाहरण आम्ही वर दिले ते याचसाठी. काल ज्याला भीती वाटत होती, त्याच्या हाती आज सत्ता आली की त्याची परीक्षा सुरू होते.

त्या विद्यार्थ्याला आमचे उत्तर असे. बाळा, इंग्रजांनी मुंबईतून पोर्तुगीज पाद्र्यांना काढले ते त्यांच्या प्रार्थनेसाठी नाही, तर त्या प्रार्थनेला बांधलेल्या राजाच्या दोरीसाठी. ती दोरी तोडणे योग्य होते. प्रार्थनेवर घाव घालणे अयोग्य ठरले असते आणि जेथे जेथे तो घातला गेला तेथे पिढ्यान् पिढ्या माणसे तुटली. उद्या तू परीक्षा पास होऊन एखाद्या खुर्चीवर बसशील. तुझ्यापुढे एखादा अर्ज येईल, त्यावर नाव वेगळे, धर्म वेगळा असेल. त्याने कायदा पाळला का, कागद खरे आहेत का, हे जरूर पाहा. त्यापलीकडे जाऊ नकोस.

सोपाऱ्याच्या ज्या स्तूपापासून आपण त्या दिवशी निघालो, तेथून वसईचा किल्ला काही मैलांवरच आहे. ज्या सम्राटाच्या लेखांचे तुकडे सोपाऱ्यात मिळाले, त्यानेच गिरनारच्या बाराव्या लेखात आपल्या पंथाची स्तुती आणि इतरांची निंदा करताना जीभ आवरावी, सर्व पंथांचा मान राखावा, असे कोरून ठेवले आहे. तो स्वतः बौद्ध होता आणि सर्वसत्ताधीशही होता. पुढच्या सहलीत विद्यार्थ्यांना हे आधी सांगायचे आणि मग किल्ला दाखवायचा, असे आम्ही ठरविले आहे.

जय भीम.